उजव्या हातच्या बांगड्या

जळकोटहून बैलगाडीनं निघालो तेव्हा ज्वारीच्या रानावर धुकं होतं. गाडीत आम्ही तिघं: हे, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना मी अक्का म्हणते. अक्कांचे मालक, आमचे भाऊजी, गिरणीत काम मिळेल म्हणून मुंबईला गेले होते. ते मिळालं नाही, म्हणून एका कोळ्याच्या होडीवर खलाशी झाले. वादळ झालं आणि ती होडी परत आली नाही. अक्का मात्र मानायला तयार नव्हत्या. "जागा दावा, मग बघू," एवढंच म्हणायच्या. शेवटी आत्याबाईंनी (सासूबाईंनी) यांना बजावलं, "तिथं दर्यावर तिच्या बांगड्या उतरव आन् तिला घिऊन ये. थोरल्याचं दिवस तरी घालू."

निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायानं गाठोडं सोडायला लावलं. भाकरी, शेंगाची चटणी आणि लुगडी निघाली.

"किधर जाते?"

"मुंबईला. भाऊ दर्यात गेला," हे म्हणाले.

शिपायानं स्वतःच्या हातानं गाठोडं बांधून दिलं. गाठ इतकी घट्ट बसली की सोलापूरच्या स्टेशनावर ती कुणालाच सुटेना. आम्ही तसेच उपाशी रेल्वेत चढलो. खिडकीतून रानं मागं जात राहिली. आपण हलतोय की रानं, हेच मला कळत नव्हतं.

मुंबईच्या कोळीवाड्यातल्या बोळातून बाहेर आलो आणि समोर जमीनच संपली. मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी नळदुर्गच्या किल्ल्यातलं. त्याला पलीकडचा काठ होता. याला नव्हता. सगळं पाणी झोपलेल्या जनावराच्या कुशीसारखं वर येत होतं, खाली जात होतं. अक्का हळूच म्हणाल्या, "ह्यात माणूस कुठं हुडकायचा गं?"

कोळणी डोक्यावर टोपल्या घेऊन येत होत्या. अक्कांनी एकदम माझं मनगट धरलं.

"बघ, ह्यांच्या उजव्या हातात बांगडीच न्हाय. एवढ्या जणींचं मालक गेलं?"

मी पाहिलं, ते खरं होतं. डावा हात भरलेला, उजवा मोकळा. आम्ही दोघी पदर ओढून, मान खाली घालून उभ्या राहिलो.

हिराबाईंकडं आम्ही उतरणार होतो. बुडालेली होडी त्यांच्याच घरची. त्यांचा धाकटा दीरही तिच्यावर होता. त्या आल्या, त्यांचाही उजवा हात मोकळा. परक्या माणसाशी मी बोलत नाही, पण अक्का माझं मनगट सोडेनात, म्हणून पदरातूनच विचारलं, "तुमचंबी मालक...?"

हिराबाई इतक्या हसल्या की टोपली घसरली. "अगो बाय, तो बघ, जालं शिवतंय! ए, तुला मारला रं यांनी!"

सावलीतला त्यांचा म्हातारा मान वर न करता म्हणाला, "दर्यान नाय मारला, तुझे तोंडान मारला."

मग त्या डोळे पुसत आमच्याजवळ टेकल्या. "उजवे हातच्या बांगड्या लग्नातच दर्याला देतंव, बाय. अर्धा नवरा त्याचा, अर्धा आमचा. त्यानं सांभालावा म्हणून."

जेवायला भात आणि बोंबलाचं कालवण होतं. अक्कांनी ताट सरकवलं. "ह्या पाण्यातलं म्या कसं खाऊ?" हिराबाईंनी कालवण उचललं, भातावर मीठ आणि खोबरं घातलं. त्या दुपारी त्यांनी स्वतःही तेच खाल्लं.

ऊन उतरल्यावर त्यांनी आम्हाला बुडालेल्यांच्या दगडापाशी नेलं. आमच्याकडं वेशीजवळ लढाईत पडलेल्यांचे वीरगळ असतात तसाच. पण घोडे आणि तलवारी नव्हत्या, एकावर एक लहान लहान होड्या कोरलेल्या. नाव कुणाचंच नव्हतं. सगळ्यात वरची होडी नवी होती, तिच्या कडा अजून पांढऱ्या होत्या.

"हीच. माझा दीर न् तुमचा मानूस," हिराबाई म्हणाल्या.

अक्कांनी त्या होडीत बोट घातलं आणि आत कोण बसलंय ते चाचपावं तसं फिरवलं. "परत कोण आलंय का कधी?"

हिराबाई म्हणाल्या, "एक आलेला. माझी सासू पोर होती तवा. बाकी नाय आले. खोटा कशाला सांगू?"

हे खाकरले. "वहिनी, आईनं सांगितलंय..."

अक्का पाण्यात उतरल्या. उजव्या हातातल्या हिरव्या बांगड्या त्यांनी एकेक करून, न फोडता काढल्या आणि कुणाच्या ओंजळीत ठेवाव्यात तशा पाण्यावर ठेवल्या. लाट आली आणि घेऊन गेली. आता डाव्या हातातल्या निघतील म्हणून आम्ही वाट बघत होतो. डाव्या हाताला त्यांनी हात लावला नाही.

"आन् त्या?" यांनी विचारलं.

"त्या माझ्या."

हे पुढं बोलणार, तोच हिराबाई म्हणाल्या, "भाव, दर्याला दिल्यावर इचारू नये."

आम्ही जळकोटला परतलो. घरी दारात आत्याबाईंबरोबर गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. एकजण म्हणाली, "अर्ध्याच? ही कुठली रीत काढली?" आत्याबाईंपुढं मी कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी मीच म्हणाले, "आत्याबाई, अर्धं दर्याला दिलंय. त्यानं सांभाळावं म्हणून."

आत्याबाईंनी अक्कांचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ सोडला नाही. मग बायांकडं वळून म्हणाल्या, "जावा घरला. आमच्यात अजून काय झालं न्हाय."

भाऊजी आलेले नाहीत. अक्का खुरपायला बसल्या की उजवा हात मुक्यानं चालतो, डावा वाजतो. आधी बाया टक लावून बघायच्या, आता बघत नाहीत. मला मात्र त्यांच्या शेजारी बसलं की वाटतं, आम्ही दोघी अजून परत आलोच नाही. त्या काठावरच उभ्या आहोत, आणि पाणी काही बोलत नाही.