अठराव्या मजल्यावरची इनुक गायिका

सहा भाषांत गाणारी आणि सहाही भाषांत तितक्याच शांतपणे ‘नाही’ म्हणणारी दुसरी बाई मी अजून पाहिलेली नाही. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये ती बरोबर आमच्या डोक्यावर, अठराव्या मजल्यावर राहायची. कॅनडाच्या पार वरच्या टोकाला, जिथे झाड म्हणून उगवत नाही, तिथल्या इनुइट लोकांपैकी. एकच माणूस असला तर ‘इनुक’ म्हणायचं, हे तिने आम्हाला दोनदा समजावलं होतं. नवरा विमानांच्या दुरुस्तीच्या कामावर, म्हणून ती दुबईत. जुलैच्या भर दुपारी ती तळ्याभोवती फेऱ्या मारायची आणि लिफ्टमध्ये मात्र एसीने गारठते म्हणून शाल पांघरायची.

ओळख झाली ती वॉचमनमुळे. एका सकाळी तो धापा टाकत आला, “साब, ऊपर मॅडम का दम घुट रहा है.” मी आणि बायको जिन्याने धावलो. आतून खरोखरच घरघर, हुंदका, मग कुणीतरी बर्फावरून काहीतरी फरफटत नेल्यासारखा आवाज येत होता. बायकोने दार बडवलं. ते तिनेच उघडलं, हसतमुखाने. रियाज चालला होता. त्यांच्याकडे दोन बायका समोरासमोर, एकमेकींचे दंड धरून उभ्या राहतात आणि घशातून वारा, बदकं, कुत्र्यांनी ओढायची बर्फगाडी असले आवाज काढतात. एकीचा श्वास संपतो तिथे दुसरीचा सुरू होतो. जी आधी हसेल ती हरली. “इथे समोर कोणी नाही, म्हणून भिंतीसमोर गाते,” ती म्हणाली. माझी बायको जेवणाच्या डब्यांचा व्यवसाय करते. हाताला पीठ तसंच होतं. “मी उभी राहते की,” ती म्हणाली आणि चौथ्या सेकंदाला हसून हरली.

त्यानंतर गायिका रोज दुपारी आमच्याकडे येऊ लागली, आणि पोळ्या झाल्या की दोघी दंड धरून समोरासमोर उभ्या राहू लागल्या. पोळ्या लाटता लाटता तिने मराठी उचलली, तीही अशी की ‘ळ’ आमच्या मुलीपेक्षा स्वच्छ. मुलगी तर आम्हाला इंग्रजीतच उत्तर देते. त्या दुपारींतून तिची कहाणी कळत गेली. सतरा वर्षांची असताना गावच्या रेडिओवर मदतीला जायची. एकदा तिथेच वादळात अडकली. तीन दिवस कुणाला घराबाहेर पडता येईना, आणि रेडिओवर लावायला होत्या चार रेकॉर्डी. मग तीच माइकसमोर बसून गात राहिली. येणारी गाणी संपल्यावर तिने नवी रचली. वादळ शमेपर्यंत ती गावाची गायिका झाली होती. पुढे मोठ्या शहरातल्या रेकॉर्ड कंपनीने तिला फ्रेंचमध्ये गायला लावलं. मोठाली सभागृहं भरू लागली. एका कार्यक्रमानंतर आईचा फोन आला, “आवाज तुझाच आहे, पण मला एक शब्दही कळला नाही.” दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला ‘नाही’ सांगितलं. नंतर चार वर्षं तिचं गाणं कुणी रेकॉर्ड केलं नाही. ती शाळेत मुलांना त्यांची इनुक्तितुत भाषा शिकवायची आणि गाणी लिहीत राहायची. हे सगळं ती पोळीला तूप लावत, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगायची.

माझं रास अल खोरला स्पीकर-माइक भाड्याने देण्याचं गोदाम आहे. एका हिवाळ्यात इथल्या एका सभागृहात तिचा कार्यक्रम ठरला आणि साउंड माझ्याकडे आलं. आयोजक म्हणाला, “मॅडम, ओन्ली इंग्लिश. घशाचं ते नको, पब्लिक उठून जाईल. खलास होईल शो.” तिने नम्रपणे अरबीत ‘नाही’ म्हटलं. कार्यक्रमाच्या संध्याकाळी आईला फोन लावून तो माझ्या साउंड-मिक्सरशेजारी ठेवला. इथली संध्याकाळ म्हणजे तिथली सकाळ. शेवटच्या गाण्याला तिने माझ्या बायकोला विंगेतून ओढून आणलं आणि तिचे दंड धरले.

मी तीस वर्षं लोकांचे आवाज ऐकतोय, पण त्या दोन मिनिटांत माझा हात बटणावरून हलला नाही. सभागृहात वारा शिरला होता. कुणीही उठून गेलं नाही. बायको टिकली, टिकली आणि शेवटी तिला हसू फुटलं, तसं अख्खं सभागृह हसलं आणि उभं राहिलं. फोनमधून एक म्हातारी हसत काहीतरी बोलली. गायिकेने खाली येऊन फोन कानाला लावला आणि डोळे पुसत सांगितलं, “आई विचारतेय, ही कुणाची मुलगी?”

पुढच्या उन्हाळ्यात तिची आई माणसं विसरू लागली. नातलगांची नावं गेली, फक्त गाणी उरली. मोठा दौरा ठरला होता. त्यालाही तिने ‘नाही’ म्हटलं, नवऱ्याने नोकरी सोडली आणि दोघांनी बॅगा भरल्या. विमानतळावर ती बायकोला म्हणाली, “ताई, जाते मी.” बायकोने तिचा हात धरून सांगितलं, “अगं, आमच्यात ‘जाते’ म्हणत नाहीत. ‘येते’ म्हणायचं.” तिने क्षणभर विचार केला. तिच्या कुठल्याच भाषेत असं नसावं. मग स्वच्छ मराठीत म्हणाली, “येते.”

आठ महिने झाले. वर आता दुसरं कुटुंब राहतं, शांत माणसं आहेत. बायको दुपारी पोळ्या करताना अधूनमधून छताकडे बघते.