कुंडलिकतात्यांची उसनी दोरी

डिंभ्याच्या धरणात मासे किती, हे कुंडलिकतात्यांना ठाऊक नाही; पण जाळ्याची गाठ कशी मारावी हे ते कुणालाही, न विचारता शिकवतात. माझे सख्खे चुलते. पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून ताणायचं आणि उजव्या हातानं भराभर गाठी मारायच्या, ही त्यांची रीत.

दोन हजार दोन साली होडीचा पत्रा त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी लागला. तात्यांनी हळद दाबली. जखम भरली, पण अंगठ्याचं टोक वाकेना. गाठी सैल पडू लागल्या. तात्या शिकवायचे थांबले, तेव्हा आम्ही खरे घाबरलो.

पुण्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "अंगठा वाकवणारी आतली दोरी तुटून वर सरकलीय. दुसरी जोडावी लागेल. अंगठा-करंगळी जुळवा, मनगट वाकवा."

असं केलं की बहुतेकांच्या मनगटावर मधोमध एक दोरी उठते. ती काढून दुसरीकडं जोडली तरी हाताचं काही अडत नाही. तात्यांची दोन्ही मनगटं मात्र सपाट माळरान.

"म्हंजी मी अर्धवटच जल्मलो का वं?"

"नाही हो, कित्येकांना नसते. आधी कळलं ते बरं. नसलेली दोरी शोधायला गेलं तर चुकून शेजारची नस कापली जाते, मग हात बधिर."

तोवर भागूकाकूनं बांगड्या वर सारल्या. "माज्या दोन्ही हातांत हायेत. एक काढा."

"मावशी, दुसऱ्याची नाही बसवत."

"बरं झालं," तात्या म्हणाले. "नायतर हातानं हिचंच ऐकलं असतं."

"आत्ता कुणाचं ऐकतोय?"

डॉक्टरबाई हसल्या. "पायातली घेऊ."

तात्यांनी पाय स्टुलाखाली ओढले. "पाय न्हाई! हाताला देऊन पायाचं नेलं, तर जाळं कशात धरू?" आणि काकूच्या पदराचं टोक अंगठ्यात धरून त्यांनी तिथंच ताणून दाखवलं.

बाईंनी वाकून नीट पाहिलं. "अंगठ्याला हात लावत नाही. पायाच्या मधल्या बोटाची घेते. त्यानं काय धरता?"

तात्यांनी विचार केला. "कायच न्हाई. फुकटच खातंय ते."

ऑपरेशन झालं. पुढं कित्येक महिने तात्या अंगठा वाकवत बसले. मग एका सकाळी त्यांनी गाठ मारली आणि दोर काकूच्या हातात दिला. "वढ." काकूनं भिंतीला पाय लावून ओढलं. गाठ हलली नाही. तात्या तोंड फिरवून धरणाकडं बघत राहिले.

पहिलं विणकाम डॉक्टरबाईंसाठी: भाजीची जाळीदार पिशवी. अजून वापरतात म्हणे.

आता दिवाळीच्या आंघोळीला काकू तेल घेऊन बसली की तात्या आधी पाय पुढं करतात.

"मधल्या बोटाला लाव. लई उपकार हायेत त्याचे."

"अन् मी मनगट पुढं केलं व्हतं त्याचं?"

तात्या तेलाची वाटी घेतात आणि काकूच्या मनगटाला तेल लावतात.