फळ्यांमधलं सोनं

सराफ बाजारातल्या एका पेढीवर माझे वडील, म्हणजे अण्णा, वीस वर्षं लाकडी फळ्यांच्या जमिनीवर बसून दागिने घडवत होते. मी बारावीत असताना मालकाने त्यांना गिऱ्हाइकांसमोर चोर म्हटलं. एका पाटलीत सोनं कमी भरलं होतं. अण्णा एवढंच म्हणाले, "शेठ, फळ्या उचला. कानशीचा कीस फटीत जातो." फळ्या उचलायच्या तर दुकान दोन दिवस बंद ठेवावं लागणार होतं. शेठने त्यापेक्षा अण्णांनाच घालवलं.

बाजारात बातमीला पाय फुटतात. दुसऱ्या कुणी त्यांना उभंही केलं नाही. इतकी नाजूक नक्षी काढणारा माणूस भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुड्या बांधू लागला. मी रसायनशास्त्र घेतलं. लोक म्हणाले, पोरीला आवड आहे. कसली आवड! मला शेठला तोंडघशी पाडायचं होतं.

मी कॉलेजात शिकवायला लागले त्या सुमारास शेठने दुकानात संगमरवर बसवला आणि जुन्या फळ्या भंगारात काढल्या. मी त्या सरपणाच्या भावात घेतल्या, गच्चीवर पत्र्यावर जाळल्या आणि राख प्रयोगशाळेत नेऊन अम्लराजात घातली. एक भाग नायट्रिक, तीन भाग हायड्रोक्लोरिक. एकेकट्या आम्लाला सोनं भीक घालत नाही. दोन्ही मिळून आली की मुकाट्याने विरघळतं. सोनं खाली बसवायला गाळलेल्या द्रावात हिराकस घातला, तेव्हा तळाशी चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ बसला. अण्णांनी घरी जुनी फुंकणी काढली, टाकणखार टाकून तो वितळवला. हरभऱ्याएवढा पिवळा मणी झाला. तो तळहातावर घेऊन अण्णा रडले. मला रडू आलं नाही. मला संताप आला.

धनत्रयोदशीला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णांना हाताला धरून मी आत शिरले आणि मणी काउंटरवर ठेवला.

"फळ्या उचलल्या, शेठ," मी मोठ्याने म्हणाले. "हे तुमचं सोनं. अण्णा चोर नव्हते, एवढं या लोकांसमोर बोला."

शेठचा चेहरा उतरला. तो काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं."

"चोर नव्हते," तो म्हणाला.

अण्णा माझी ओढणी ओढत होते. "पुरे गं बाळ. झालं."

मी शेठला आणखी एकदा म्हणायला लावलं.