एक पाय पायडलवर

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात भोंगा होता, आणि तो चालू होता. वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या चौकात आमचा गट प्लास्टिकच्या पिशव्यांविरुद्ध पत्रकं वाटत होता. मी दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला. पलीकडून प्रमोददादा म्हणाला, "आई गेली व..." आणि मी "काय? मालुआत्या गेली?" असं जे ओरडले ते भोंग्यातून अख्ख्या चौकाने ऐकलं. भाजीवाल्याने तराजू खाली ठेवला. एका ऑटोवाल्याने इंजिन बंद केलं. माझ्या कुठल्याही घोषणेला त्या चौकाने आजवर अशी दाद दिली नव्हती. आत्याला हे कळलं असतं तर ती म्हणाली असती, "पाह्य, मेल्यावर का होईना, तुह्या सभेले माणसं थांबवली ना मी!"

मालुआत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. बाबांनी आयुष्यभर पत्रकं काढली. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरूनच, त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच अशी लहानपणी माझी समजूत होती. आत्याच्या स्वभावात उद्गारचिन्ह नव्हतं. समुद्रपूर तालुक्यातल्या एका लहानशा गावात ती एकटी राहायची. तिथे एसटी थांबते, पण उतरतं क्वचितच कोणी. आतोबांच्या मागे राहिलेली त्यांची दांड्याची सायकल ती साडी वर खोचून चालवायची. कोणीही पाहुणा आला की हातपाय धुवायच्या आत त्याला म्हणायची, "चाल, गाव दाखवतो तुले." मग त्याच्यासाठी कुणाकडून तरी सायकल मागून आणायची, आणि निघायची वरात.

आत्याच्या गावात पाहण्यासारखी स्थळं होती. म्हणजे आत्याच्या मते होती. शाळेमागच्या चिंचेवर वटवाघळं उलटी लटकलेली असत. ती "आपले रात्रपाळीवाले." नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, ज्यावरून पावसाळ्यात पाणी वाहू लागलं की एसटीचा ड्रायव्हर आणि प्रवासी खाली उतरून तासभर वाद घालतात, तो "आपली विधानसभा." आणि गावाबाहेरची पाण्याची टाकी. ती बांधली गेली, रंगवली गेली, तिचं उद्घाटन झालं, फक्त तिच्यात पाणी कधी आलं नाही. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझं रक्त उसळलं. मी तिथेच, सायकलच्या सीटवर कागद ठेवून, पत्रकाचा मसुदा लिहायला घेतला. आत्याने वर बोट केलं. टाकीच्या भोकातून पोपटाची हिरवी मान बाहेर आली होती. "काढ, पत्रक काढ," ती म्हणाली. "पाणी तं पाह्यजेच. पण पिल्लं उडून जाऊ दे आधी." जगातलं एकही आंदोलन पोपटांच्या पिल्लांसाठी लांबणीवर पडलेलं मी वाचलं नव्हतं. आमचं पडलं. पिल्लं उडाल्यावर तिनेच मला फोन करून सांगितलं आणि पत्रकावर पहिली सही तिनेच केली. पाणी अजून आलेलं नाही, हेही इथे लिहून ठेवते.

गाव पाहण्याचा तिचा एक कडक नियम होता. काहीही पाहायचं, कोणाशीही बोलायचं, पण एक पाय पायडलवरून काढायचा नाही. कारण त्या गावात रीतच तशी आहे. दारात सायकलवर बसलेला माणूस हा वाटसरू. त्याच्याशी तासभर बोललात तरी त्याला चहा विचारला नाही म्हणून कोणी रागवत नाही. पण दोन्ही पाय जमिनीला लागले की तो पाहुणा. मग चहा, पोहे, जमल्यास भजी, आणि नाही म्हटलं तर अपमान. "पाय काढला की सकाळ गेली," असं आत्या मला बजावायची. ती एका पायावर तोल सांभाळत, अंगणातल्या बाईला दळणापासून दवाखान्यापर्यंत सगळं विचारून घ्यायची, आणि पुढे निघायची. तिच्या सायकलचं कॅरिअर भयंकर खडखडायचं, त्यामुळे ती येतेय हे अर्ध्या गावाला आधीच कळायचं.

मग एका पावसाळ्यात ती रपट्यावरून घसरली आणि मनगटाला प्लास्टर बसलं. प्रमोददादा, तिचा एकुलता एक मुलगा, वर्ध्याला नोकरी करतो आणि शेजारच्या सिंदी मेघेला राहतो. तो गोरसपाक बिस्किटांचा डबा आणि निर्णय, दोन्ही घेऊन आला. आईने आता सायकल सोडायची, घराला कुलूप लावायचं आणि त्याच्याकडे राहायला यायचं. "आई, काय आहे या गावात पाहाले?" तो म्हणाला.

हा प्रश्न मला आजही सहन होत नाही. खेडं दिसतं ते एकतर दुष्काळाच्या फोटोत किंवा रिसॉर्टच्या जाहिरातीत, मधलं कुणाला दिसतच नाही. मी त्याच रात्री पत्रक लिहून काढलं. 'काय आहे पाहायला? एक विषारी प्रश्न!' आत्याने ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "लिवलं मस्त आहे," ती म्हणाली. "पण यात आपलं गाव कुठं आहे व? हे तं कोणत्याही गावाले चिकटवता येते." मग तिने त्याची घट्ट घडी केली आणि सायकलच्या कॅरिअरखाली ठोकून बसवली. सायकल हलवून पाहिली. "खडखड थांबली! कोण म्हणते तुह्ये पत्रकं कामाचे नाई?"

प्लास्टर निघाल्यावर तिने प्रमोददादाशी पैज लावली. "एक दिवस माह्यासंग सायकलवर गाव पाह्य. तुले कंटाळा आला, तं मी दुसऱ्या दिवशी सामान बांधीन. नाई आला, तं मले इथंच राहू द्यायचं." निवाडा करायला मी. का, तर मी तत्त्वाची माणूस.

प्रमोददादा टोपी, गॉगल आणि पाण्याची बाटली घेऊन जंगल सफारीला निघाल्यासारखा निघाला. पहिलंच घर कौसल्याकाकूंचं, आत्याच्या जिवलग मैत्रिणीचं. काकू दारात दिसल्या आणि दादा आदराने सायकलवरून खाली उतरला. दोन्ही पाय! आत्याने डोळे मिटले. "गेला," ती पुटपुटली. सिंदी मेघेच्या बेलवाल्या दारांमध्ये तो गावची रीत विसरून गेला होता. आणि एका दारात उतरला म्हटल्यावर दुसऱ्या दारात न उतरून चालतंय होय? घरोघरी चहा. घरोघरी पोहे. वर प्रत्येक दारात त्याचीच ओळख परेड. "हाच ना व तो, ज्याले बकरीनं हौदात पाडलं होतं?" काकूंनी विचारलं. "बकरी नव्हती, बोकड होता!" दादा तावातावाने म्हणाला, आणि तिथून त्याचा ताबा सुटला. हौद कुठे होता, बोकड कोणाचा होता, त्याला कोणी बाहेर काढलं... तो स्वतःच दाखवत सुटला. गाव पाहायला निघालेल्या माणसाला गावच निवांत पाहत होतं.

दुपारी, शेवटच्या घरची भजी खाल्ल्यावर, तो कडुनिंबाखालच्या बाजेवर आडवा झाला तो ऊन उतरल्यावरच उठला.

"सांग आता, कंटाळा आला?" आत्याने विचारलं.

"झोप लागली होती."

"झोप म्हणजे कंटाळा नाई."

"पण गाव पाहून कुठं झालं? टाकी राह्यली ना!"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी निकाल दिला की पुरावा अपुरा आहे, पुन्हा एकदा फिरावं लागेल. मग दादा अधूनमधून रविवारी यायला लागला, कंटाळा येतो का ते पाहायला. कधी बायकोला घेऊन, कधी एकटा. कंटाळा काही आला नाही. एकदा टाकी पाहायची राहिली, एकदा कोणाकडे वास्तुशांत होती. आत्या गावातच राहिली, आणि गावातच गेली. दुपारी जेवून ओसरीवर पडली, ती उठलीच नाही. सायकल अंगणात उभी होती.

परवा मी दादासोबत तिथे गेले. घर विकणार का, असं नातेवाईक विचारू लागले होते. माझ्या झोळीत नव्या पत्रकाचा मसुदा तयार होता, उद्गारचिन्हांसकट. पण दादाने आत्याची सायकल काढली. मी कुणाकडून तरी मागून आणलेली सायकल घेऊन त्याच्या मागे. कौसल्याकाकूंच्या दारात तो थांबला. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर. शिकला होता तर! काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. सायकलकडे पाहत राहिल्या.

"घर विकून राह्यला म्हणते लोक," त्या म्हणाल्या.

"कंटाळा येऊ द्या ना काकू आधी. मग पाहू."

काकू पदराने डोळे पुसून, कपाळाला पीठ लावून घेऊन, म्हणाल्या, "मंग तिथं काऊन उभा आहे? उतर ना खाली."

दादाने पायडलवरचा पाय काढला. सायकल स्टँडवर चढवताना मोठा धक्का बसला... आणि कॅरिअर खडखडलं नाही.