सरकारच्या खुर्चीचा पाना

मावशी, तुमच्याबद्दल लिहिते आहे म्हटल्यावर तुम्ही कपाळाला हात लावाल, ठाऊक आहे. "बाई, दुसरे उद्योग नाहीत का?" नाहीत. आणि तुम्ही मध्ये मध्ये बोलणार, म्हणून तुम्हाला जरा बाजूला बसवते आणि बाकीच्यांना सांगते. माझा, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकेचा, विषय निघेल तिथे तुमच्यासारखंच 'मोठ्या बाई' म्हणेन. त्यांना पाठीशी घालणार नाही, काळजी नको.

तर मावशी बालवर्गात मदतनीस होत्या. वर्गात बावीस मुलं, त्यांतली तीन अशी की ज्यांना उठायला, बसायला किंवा बोलायला कुणाचा तरी हात लागे. त्या तिघांतली एक चार वर्षांची मुलगी. पाठ आणि पाय साथ देत नसत, म्हणून तिला खास लाकडी खुर्ची होती. खुर्चीतून हलायचं नाही आणि नुसत्या डोळ्यांनी हुकूम सोडायचे, म्हणून मावशींनी तिचं नाव ठेवलं 'सरकार'.

सरकारच्या खुर्चीला सहा बोल्ट होते आणि कपाटात एक पाना होता. तोच घात झाला.

मंगळवारी व्यायामाच्या बाई येत. "पाय टेकले पाहिजेत," म्हणून त्या बैठक वर घेत, पायाखालची फळी नीट लावत आणि निघून जात. उंच झालेली खुर्ची मग टेबलाखाली जाईना. बुधवारी वर्गाच्या ताई बैठक खाली घेत. पोर इतर मुलांबरोबर बसायला नको का? पण फळी जमिनीला घासते म्हणून काढून ठेवत. गुरुवारी बोलणं शिकवणाऱ्या बाई खुर्चीच्या पाठीचा कल बदलत. शुक्रवारी मावशींच्या वाट्याला जे उरे, त्यात सरकार एका कुशीवर घसरलेली, पाय लोंबकळताहेत, आणि दोन्ही हातांनी खुर्चीचा दांडा घट्ट धरलेला. समोर केळं. खाणार कशानं?

तिघींच्या तीन फायलींत एकच वाक्य: हातांचा वापर नाही.

"अहो, हात आहेत तिला, पण ते पडू नये म्हणून अडकलेत," मावशींनी ताईंना सांगितलं. एकदा त्यांनी उलटा डबा पायांखाली सरकवला, तर पोरीनं दांडा सोडून केळं उचललं होतं. मावशींनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"ते व्यायामाच्या बाईंना सांगा."

व्यायामाच्या बाई म्हणाल्या, "मी बरोबर लावून जाते. खाली कोण करतं त्यांना विचारा." तिसऱ्या बाईंना बस गाठायची होती. मोठ्या बाई म्हणाल्या, "मावशी, लेखी द्या." मावशींचं शिक्षण चौथी. लेखी द्या म्हणे.

तीन आठवड्यांनी शाळेत सगळ्यांची बैठक होती. पोर स्वतःच्या हातानं काही करत नसेल तर तिला या वर्गात ठेवायचं की गावाबाहेरच्या वेगळ्या शाळेत पाठवायचं, ते तिथे ठरणार होतं. तिची आई रोज दारात उभी राहून विचारी, "मावशी, ठेवतील ना हो?" तिकडे जायचं म्हणजे दोन बस बदलायच्या, आणि इथल्या मैत्रिणी तुटायच्या. मावशी "बघू" म्हणत आणि आत येऊन भांडी आपटत.

मग एका मंगळवारी पाना नाहीसा झाला.

व्यायामाच्या बाईंनी कपाट उपसलं. बुधवारी ताईंनी आरडाओरडा केला. गुरुवारी तिसऱ्या बाई थेट मोठ्या बाईंकडे गेल्या, आणि मोठ्या बाई तणतणत वर्गात आल्या.

"मावशी, पाना कुठाय?"

"माझ्या पिशवीत."

"चोरलात?"

"सांभाळलाय. या तिघी एका वेळी खुर्चीपाशी उभ्या राहिल्या की देते. तुम्हीपण या."

"ही काय दादागिरी?"

"दादागिरी म्हणा, काहीही म्हणा. मला काय, मी चौथी पास."

मोठ्या बाई चरफडत गेल्या. पण बोल्ट नखांनी तर फिरत नाहीत. शनिवारी चौघी खुर्चीभोवती जमल्या. खुर्चीवरून भांडणं कुणी बघितली नाहीत? पण बसणारीलाच मध्ये बसवून झालेलं हे पहिलंच. तासभर तू तू मैं मैं चाललं. शेवटी ताई वैतागून म्हणाल्या, "खुर्ची खाली घ्यायची नाही, तर टेबल वर घ्या की!"

एवढे दिवस हे कुणाला सुचलं नव्हतं, मावशींनासुद्धा. टेबलाखाली लाकडी ठोकळे घातले. वर्गातली तीन उंच पोरं तिच्या टेबलावर आणली. बोलण्याच्या बाईंनी पर्समधला नखांचा लाल रंग काढून बोल्टांच्या जागी ठिपके दिले. ठिपक्यावरून बोल्ट हलवायचा तर आधी बाकीच्यांना विचारायचं, असं ठरलं. पाळलंही, थोडंफार कुरकुरत.

बैठकीच्या दिवशी सरकारनं केळं खाल्लं, आणि साल मोठ्या बाईंच्या मांडीवर टाकलं. ती वर्गात राहिली.

दोन वर्षांनी ती रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत पहिलीला जायची झाली, तेव्हा मावशी म्हणाल्या, "मोठ्या बाई, तिथल्या लोकांना आधीच भेटून खुर्चीचं सगळं सांगू या. तुम्ही बोला, मी दाखवते. नाहीतर पुन्हा तिचे हात अडकतील."

"गुरुवारी जाऊ," मोठ्या बाई म्हणाल्या.

त्या गुरुवारी मोठ्या बाईंची मीटिंग निघाली. पुढच्या गुरुवारी मावशींचा गुडघा धरला. मग प्रवेशाची गडबड, मग एकाच वर्षात दोघींची निवृत्ती. चालत चार मिनिटांची वाट. सरकार आता तिसरीत आहे, आणि आमचं जायचं अजून राहिलंच आहे.