बारा व्होल्टची भीती

फौजेत मी इलेक्ट्रिशियन होतो, असं सांगितलं की लोक हसतात. "मग बंदूक नव्हती का हातात?" असं विचारतात. होती की! पण पक्कड आणि टेस्टरही होते. ज्या दिवशी मी आयुष्यात सगळ्यात जास्त भ्यालो, त्या दिवशी माझ्या हातात पक्कडच होती.

मी शिंदखेडा तालुक्यातला, इंजिनिअर रेजिमेंटमध्ये हवालदार. गिरणेला पूर आला आणि आमच्या कॉलमला, म्हणजे तुकडीला, भडगावकडे निघायची ऑर्डर आली. ट्रकमध्ये सगळ्यांनी मला आणि नाईक सलीमला चिडवून घेतलं. "तुम दोनों तो ससुराल जा रहे हो," म्हणे. सलीमही माझ्यासारखा त्याच भागातला, नशिराबादचा. त्याच्या वडिलांचं हायवेवर बॅटरी दुरुस्तीचं दुकान. बोट चालवण्यात कंपनीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे त्याला चांगलं माहीत होतं.

आमच्या रबरी बोटी कमी पडत होत्या. म्हणून कुठल्याशा जलाशयावर सहलीला फिरणारी एक केबिनवाली डिझेल मोटरबोट ट्रेलरवर घालून आणली होती. आत गाद्या, खिडक्यांना पडदे. सुभेदार साहेब म्हणाले, "हवालदार, पहले इसकी वायरिंग समझो. फिर पानी में जाएगी."

सकाळभर मी त्या बोटीच्या पोटात डोकं घालून बसलो. दोन बॅटऱ्या होत्या. एक फक्त इंजिन स्टार्ट करायला. दुसरीवर दिवे, वायरलेस सेट आणि तळात साठणारं पाणी बाहेर फेकणारा पंप. इंजिन चालू असलं की अल्टरनेटर दोन्हींना चार्ज करणार. इथपर्यंत ट्रॅक्टरसारखंच. पण डिझेलचा व्हॉल्व्ह करंटवर उघडा राहत होता, ते काही मला आवडलं नाही. करंट गेला की डिझेल बंद, डिझेल बंद की इंजिन बंद. शिवाय चालत्या इंजिनवर मेन स्विच पाडला तर अल्टरनेटर जळायची भीती. हा लाल मेन स्विच केबिनच्या दाराशीच, कुणाच्याही हाताला लागेल असा.

"इंजिन चालू असताना याला हात नाही," मी सलीमला बजावलं.

"भाऊ, मी बॅटरीवाल्याचा पोरगा आहे. मला काय शिकवता?"

दुपारपर्यंत फेऱ्या नीट झाल्या. मग मळ्यातल्या एका घराच्या गच्चीवरून आठ-नऊ माणसं घेतली. त्यांच्यात एक म्हातारे शेतकरी होते, सगळे त्यांना नाना म्हणत. बरोबर सून आणि दोन नातवंडं. मुलगा दिसला नाही. मी विचारलंही नाही, तेवढा वेळ कुठे होता?

परतताना पाण्यातून आलेलं लाकूड बोटीच्या बुडाला बसलं. कुठेतरी फट पडली आणि पाणी आत यायला लागलं. पंप एकदम गप्प. मी केबिनच्या मागचं झाकण उघडलं. धक्क्याने पंपाची वायर सुटली होती. घोटाभर पाण्यात गुडघे टेकून मी वायरची दोन टोकं हातात धरली. ठिणगी उडाली. खोटं कशाला सांगू, तोंडचं पाणी पळालं होतं. पक्कड सारखी निसटत होती. सोपा जोड, पण बसेना.

पाठीमागून नाना ओरडले, "पाणीमा करंट शे! सोड ती वायर, भाऊ!"

मी म्हणालो, "नाना, काही होत नाही, ही बॅटरी..." वाक्य पुरं व्हायच्या आत इंजिन बंद पडलं. नानांनी मेन स्विच पाडला होता. विहिरीच्या मोटरवर माणूस वायरला चिकटला तर आपल्याकडे कुणीही आधी तेच करेल, आणि तेच बरोबर.

इंजिनाचा आवाज गेला तसा नदीचा आवाज कानात भरला. बोट आडवी झाली आणि पुलाच्या खांबाकडे वाहू लागली. खांबाला उन्मळलेली झाडं अडकली होती. आपटलो असतो तर बोट त्या फांद्यांखाली गेली असती, आणि सगळे तिच्यासोबत. नानांची सून पोरांना छातीशी धरून बसली होती.

सलीमने लांब बांबू उचलला. माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, लवकर करा. मला भीती वाटतेय." आणि बोटीच्या टोकाकडे गेला.

मी धावत जाऊन मेन चालू केला, स्टार्टर दाबला. इंजिन नुसतं गुरगुरलं. पुन्हा दाबला. खांब इतका जवळ आला की त्याच्यावरचं शेवाळ दिसत होतं. सलीमने बांबू खांबाला लावला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. बोटीचं तोंड वळलं. त्याच वेळी इंजिन लागलं. आम्ही सुटलो, आणि बांबू घसरून सलीम पाण्यात गेला. अंगात लाइफ जॅकेट होतं. फांद्यांखाली ते काय कामाचं?

सेट उचलून मी कळवलं, "बोट ऑपरेटर पाण्यात. पुलाजवळ. परत जातो."

"नेगेटिव. पहले सिविलियन उतारो," पलीकडून सुभेदार साहेबांची ऑर्डर आली.

बोटीत पाणी वाढत होतं. ऑर्डर बरोबर होती. तिचा मला आजही राग येतो. काठाला लागेपर्यंत मी मागे वळून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सलीम त्याच झाडांखाली सापडला.

रजेवर आलो तेव्हा नाना माझ्याबरोबर नशिराबादला आले. मी नको म्हणत होतो. सलीमचे अब्बा दुकानात बॅटरी उघडून बसले होते. नाना दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "स्विच मी पाडला. मना आंडोर, मना पोरगा, विहिरीच्या मोटरवर गया. त्याच्या बी हातात वायर व्हती, पाय पाण्यात. हा बी तसाच बसला व्हता. माले वाटनं, आता हा बी जाई."

अब्बांनी मला विचारलं, "वायर किती व्होल्टची होती?"

"बारा."

"बाराने माणूस मरत नाही. पण यांना कोण सांगणार?" त्यांनी नानांसाठी स्टूल पुढे ओढलं. "नाना, बसा. तुम्ही याला वाचवायला गेलात. माझा पोरगा तुम्हाला वाचवायला गेला. मी राग कुणावर धरू?"

नाना रडले. अब्बा हात पुसत बसले. चहा आला, कुणी घेतला नाही. निघताना अब्बांनी माझा दंड धरला.

"घाबरला होता का तो?"

फौजेत अशा वेळी काय सांगायचं ते ठरलेलं असतं. पण त्या माणसाच्या तोंडावर खोटं बोलवेना.

"घाबरला होता, अब्बा. आम्ही दोघंही घाबरलो होतो. पुढे गेला तो एकटा."