मोठ्या टोप्या, लहान डोकी

हिवाळ्यात सकाळी पेणहून रोह्याला जाताना एक बाई गाडीत रोज माझ्यासमोर बसायची. दवाखान्यातली रात्रपाळी संपवून निघालेली, डोळे तांबारलेले, पण हातातल्या सुया थांबत नसत. लोकांनी दिलेल्या मोठ्या लोकरी टोप्या उसवून ती वीटभट्टीवरच्या पोरांसाठी लहान विणायची. मधेच डुलकी लागे, टाके सुटत. मग पुन्हा उसवायची.

"जरा नीज गो," मी एकदा म्हटलं.

"घरी जाऊन निजेन. आमी भट्टीवर होतो तवा माझा धाकटा गारठून गेला, बाय. मी म्हनायची, आपल्याकडे कसली थंडी!"

एवढं बोलून ती सुटलेला टाका शोधू लागली. मी उठून तिच्या बाजूची खिडकी लावली.